प्लास्टरची तोंडं

आमच्याकडे माणसांची तोंडं पत्र्याच्या डब्यातून यायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे आणि वर चिठ्ठी लावायचे: वरची पूर्ण कवळी, बाई, वय बासष्ट, रंग फिकट. त्या ठशात प्लास्टर ओतलं की अर्ध्यापाऊण तासात टेबलावर एक तोंड उभं राहायचं. पांढरं, थंड आणि मुकं. त्याला गाल नसायचे, मान नसायची, खाली छाती नसायची. अशी तोंडं आम्ही दोघांनी बत्तीस वर्षं हाताळली. मी आणि हे.

हे जाऊन आता एकवीस वर्षं झाली. कशाने गेले असं कुणी विचारलं तर मी ‘हृदयाने’ म्हणते. ते खोटं नाही. पण दुखणं हृदयापर्यंत कुठून पोचलं हे विचारणारी माणसं थोडी, आणि ज्यांनी विचारलं त्यांना मी जे उत्तर दिलं त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचा कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. कारखाना हा शब्द ह्यांचा. पाहुण्यांसमोर म्हणायचे, “आमचा कारखाना आहे, दोन कामगार आहेत, दोघांचं लग्न झालेलं आहे.” उत्तरेला मोठी खिडकी होती, कारण दाताचा रंग जुळवायचा तर उत्तरेचा उजेड लागतो. दिव्याखाली सगळेच दात पिवळे दिसतात. खिडकीपाशी माझं टेबल, भिंतीकडे ह्यांचं, मधे पॉलिशचं चाक. मेण तापवल्याचा वास कपड्यांना, केसांना, पावाला सुद्धा लागायचा. लेक शाळेतून आली की नाक मुरडायची आणि तरी माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर वही पसरून बसायची.

दात लावायचे ते ह्यांनी. हिरडी माझी. हिरडी म्हणजे गुलाबी मेण. ते गरम सुरीने दातांच्या मुळाशी चढवायचं, कोरायचं, कडा इतकी पातळ करायची की जिभेला लागता कामा नये. माझा हात त्यात बसला होता. हे चिडवायचे, “हिरडीला कोण विचारतं? लोक दात बघतात. हिरडी म्हणजे विटांमधलं सिमेंट.” मी म्हणायची, “सिमेंट काढून बघा मग भिंत उभी राहते का.” असं आमचं चालायचं.

प्लास्टरच्या तोंडांना हे नावं ठेवत. झिजलेले दात दिसले की म्हणत, “हा बघ, बायकोला काही बोलता येत नाही म्हणून रात्रभर दात खातो.” एखाद्या तोंडाची एकच बाजू घासलेली असली की, “ही बाई डावीकडे चावत नाही. डावीकडे काहीतरी दुखतंय आणि घरात सांगत नाही.” आणि डॉक्टरांना विचारलं की बहुतेक वेळा तसंच निघायचं. माणूस न बघता माणूस ओळखायचा ह्यांना फार अभिमान होता. मलाही होता, नाही म्हणत नाही.

ह्यांचे स्वतःचे दात देखणे होते. सरळ, एकसारखे. महिन्यातून एकदा पॉलिशची बारीक पूड बोटावर घेऊन घासायचे, आरशात बघायचे आणि चाकाकडे वळायचे. कुणी म्हातारी रंग निवडायला आली आणि पांढऱ्याशुभ्रवर बोट ठेवू लागली की हे म्हणत, “आजी, एवढे पांढरे घातले तर घरात दिवा लावायला नको. हे बघा, माझे बघा. असा रंग माणसाला शोभतो.” आणि ओठ वर करून दाखवत. ह्यांचे दात म्हणजे आमच्या दुकानाची पाटी होती.

सगळ्यात जास्त काम आम्हाला डॉक्टरीणबाईंकडून मिळायचं. त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. डबे पाठवायला त्यांच्याकडे माणूस होता, पण शनिवारी दुपारी त्या स्वतः यायच्या. दवाखाना तेव्हा बंद असायचा. चहा घ्यायच्या, ह्यांच्याशी वाद घालायच्या आणि जायच्या. ह्यांना त्या ‘कारागीर’ म्हणत, मला वहिनी.

“कारागीर, एकदा येऊन माझ्या खुर्चीत बसा,” त्या दर दोनतीन महिन्यांनी म्हणायच्या. “सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यायचे असतात. हे तुम्हाला मी सांगायचं?”

“बाई, कीटण काढलं की दात हलायला लागतात. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं हेच सांगतात.”

“उलटं सांगतात ती. दात आधीच हललेले असतात. कीटणाने हिरडी खाल्लेली असते, आणि तेच वरून धरून बसलेलं असतं.”

“मग धरू दे की. राखणदाराला कशाला हाकलायचं?”

“राखणदार नाही तो, भाडेकरू आहे. घर पोखरणारा.” बाई हसल्या, पण कप खाली ठेवला. “घासताना रक्त येतं का?”

“येतं थोडं. कुणाला येत नाही?”

“पुष्कळांना येत नाही. पायाला जखम असती आणि तिच्यातून रोज रक्त आलं असतं, तर तुम्ही पट्टी बांधून माझ्याआधी दवाखाना गाठला असतात. ही तोंडात आहे म्हणून तुम्ही चूळ भरता आणि मोकळे होता. तिथून घाण रक्तात जाते, आणि रक्त काही तोंडात थांबत नाही. वहिनी सांगत होत्या, लहानपणी सांधे धरले होते तुमचे, तेव्हापासून हृदयात आवाज आहे म्हणून. तुमच्यासारख्याने तर हिरड्या डोळ्यात तेल घालून जपायला हव्यात.”

“बाई, तुम्ही दातापुरतं बोला,” हे म्हणाले. “हृदयाचं दुकान वेगळं.”

मीही हसले. मला खरंच तसं वाटायचं. आमच्याकडे तोंड यायचं ते एकटं यायचं. त्याला जोडून कुणाचं हृदय आलं आहे, असं इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

ह्यांचे खालचे पुढचे चार दात हलायला लागले तेव्हा हे सत्तावन्न वर्षांचे होते. आधी मला कळू दिलं नाही. सफरचंद चिरून मागायला लागले तेव्हा मी ओळखलं. मग बोलताना शीळ वाजायला लागली. एक गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि ह्यांनी सवयीने ओठ वर केला, तो अर्ध्यातच खाली आणला. त्या दिवशी जेवले नाहीत.

“बाईंकडे जाऊ या,” मी म्हणाले.

“बाई काय करणार? काढा म्हणणार. कवळ्या करणाऱ्याच्याच तोंडात कवळी. न्हाव्याचं डोकं जटांनी भरलेलं असलं तर कोण बसेल त्याच्यापुढे?”

“मग?”

“तू बांध.”

आमच्या धंद्याचा एक नियम होता, आणि परवान्याच्या कागदावर तो तिसऱ्याच ओळीत छापलेला होता. कारागिराने पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही. तोंड डॉक्टरांचं, साचा आमचा. पण हे पेशंट कुठे होते. हे तर हे होते.

रविवारी दुपारी आम्ही खिडकीपाशी आरामखुर्ची ओढली. मी हात उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुऊन घेतले होते, एवढं मला कळत होतं. अगदी बारीक तार घेतली, मागच्या बाजूने चारही दातांना आठच्या आकड्यासारखी गुंफली आणि शेजारच्या पक्क्या दातांना नेऊन अडकवली. वरून पूड आणि द्रव कालवून दाताच्या रंगाचा थर दिला. तो सुकताना गरम होतो. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हूं की चूं केलं नाही. मग मी छोट्या चाकाने कडा घासल्या, पुन्हा घासल्या, बोट फिरवून बघितलं. समोरून काही दिसत नव्हतं. मागून जीभ फिरवली तरी सांधा लागत नव्हता.

हे उठले, आरशात बघितलं, दातांवर दात आपटले.

“वा,” म्हणाले. “आता दगड दे, चावून दाखवतो.”

संध्याकाळी आम्ही दोघं नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. परत येताना ह्यांनी वाटेत एक कडक बिस्किटाचा पुडा घेतला आणि मला दाखवून दाखवून एकेक बिस्कीट खाल्लं. माझ्या हातून झालेल्या कामांत ते सगळ्यात चांगलं काम होतं. दुसऱ्या कुणाला दाखवता येत नव्हतं, एवढंच मला वाईट वाटलं.

साडेतीन वर्षं ते टिकलं. त्याच्याखाली घासणी पोचत नव्हती, दोरा जात नव्हता. सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी व्हायचं. मग ते रोजचंच झालं, आणि रोजचं झालं की माणूस बघत नाही. ह्यांच्या तोंडाला वास यायला लागला तेव्हा मी बडीशेपेची डबी टेबलावर ठेवली.

मग ताप आला. फार नाही, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं आणि पहाटे उशी ओली असायची. घराजवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप गेला. आठवड्याने परत आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ह्यांची पँट कमरेवर राहत नव्हती. पाठ दुखते म्हणायचे, जिना चढताना मधे थांबायचे. एकदा ह्यांची नखं कापताना मला नखांखाली बारीक तांबड्या रेषा दिसल्या, कुसळ गेल्यासारख्या. मी म्हटलं, तारेचं काम करतात, टोचली असेल. मी स्वतः सुई घेऊन बघितलं. आत काहीच नव्हतं.

मोठ्या इस्पितळात नेलं. लेक तिच्या गावाहून आली. पहिल्या दिवशी वॉर्डात एक तरुण डॉक्टर कागद घेऊन बसला. चांगला होता पोरगा, घाई करत नव्हता. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारत गेला. ताप कधीपासून, वजन किती उतरलं, पूर्वी काय झालं होतं. लेक औषधं आणायला खाली गेली होती.

“काका, दातांचं काही? हिरड्यांतून रक्त, एखादा दात हलतोय, तोंडात काही काम करून घेतलंय?”

हे उशीवरून थोडे वर सरकले. “तसं एक आहे...” म्हणाले.

“ह्यांचे दात तर नमुन्याचे आहेत, डॉक्टर,” मी म्हणाले. “आमचा धंदाच दातांचा. अहो, दाखवा ना.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओठ वर करून दाखवले. डॉक्टरांनी समोरून टॉर्च मारला.

“माझ्यापेक्षा चांगले आहेत की,” ते हसून म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

ते गेल्यावर हे बराच वेळ छताकडे बघत होते. “सांगायला हवं होतं का गं?”

“तापाचा आणि दातांचा काय संबंध? उगाच परवान्याचं लफडं निघेल. बाईंच्या कानावर गेलं तर डबे यायचे बंद होतील. आधी बरे व्हा.”

“हं,” म्हणाले आणि डोळे मिटले.

पाच दिवस गेले. रक्त तपासायला दिलं होतं, हृदयाची सोनोग्राफी झाली. पाचव्या दिवशी मोठे डॉक्टर आले. हृदयाच्या एका झडपेवर जंतूंचा पुंजका धरला होता. शेवाळ धरतं तसा, असं त्यांनी लेकीला समजावून सांगितलं. लहानपणीच्या दुखण्याने झडप खरबरीत झालेली, तिच्यावर तो बसला.

“आणि हा जंतू तोंडात राहणारा आहे,” ते म्हणाले. “औषध बदलतोय. पण तोंडात कुठेतरी उगम आहे, तो आधी बंद केला पाहिजे. आतून ओतणं चालू असलं तर आम्ही वरून किती पुसणार? दात पुन्हा नीट बघायला हवेत. तुमचे नेहमीचे डेंटिस्ट कोण?”

मी भिंतीला हात लावून उभी होते. प्लास्टर ओतताना मधे हवेचा बुडबुडा राहिला तर तो वरून दिसत नाही, साचा फोडला की दिसतो. तसा त्या क्षणी मला तो रविवार दिसला. मी खाली जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. लवकर या, एवढंच म्हणाले.

बाई तासाभरात बॅग घेऊन आल्या. ह्यांचा खालचा ओठ ओढून धरला, दातांच्या मागे छोटा आरसा सरकवला आणि तिथेच थांबल्या. किती वेळ थांबल्या कोण जाणे. मग वर माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं माझ्या हातच्या कवळ्या त्यांनी लोकांच्या तोंडात बसवल्या होत्या. कड कशी पातळ केली आहे, कुठे वळवली आहे, हे त्यांना माझ्या अक्षरासारखं ओळखू आलं असणार.

“काय आहे?” तरुण डॉक्टरांनी विचारलं.

“मागून दात बांधलेले आहेत. जुनं आहे.” बाईंनी आरसा बाहेर काढला. “फार सफाईचं काम आहे. काढावं लागेल.”

“कुणी केलंय?”

“ते आता महत्त्वाचं नाही,” बाई म्हणाल्या.

आधी औषधाची बाटली चढवली, मग काढलं. मला बाहेर थांबा म्हणाल्या, मी थांबले नाही. थर कापून तार ओढली तशी खालून काळपट पू आला आणि वास आला. बत्तीस वर्षं मी तोंडांत काम केलं, पण प्लास्टरला वास नसतो. चारही दात बाईंनी चिमट्याने नव्हे, जवळजवळ बोटांनीच उचलले. त्यांना धरायला हाडच उरलं नव्हतं. माझ्या तारेने धरलं होतं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी हातमोजे काढले. “किती वर्षं?”

“साडेतीन.”

“आणि दर शनिवारी मी तिथे बसून चहा पीत होते,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. नुसतंच.

तेवढ्यात लेक आली. तिला एवढंच कळलं होतं की बाबांच्या दातांखाली सडलं होतं आणि तेच हृदयात गेलं. ती सरळ बाईंसमोर उभी राहिली.

“वीस वर्षं तुम्ही आमच्या घरी येता. बाबांच्या समोर बसता. तुम्हाला दिसलं नाही?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासचं झाकण लावत होते. ते लागलेलंच होतं.

“मी जास्त मागे लागायला हवं होतं,” बाई म्हणाल्या.

“मागे लागायला? तुम्ही डॉक्टर म्हणून येत होतात की पाहुण्या म्हणून? दुसऱ्यांची तोंडं बघून पोट भरता आणि ज्याच्या घरचा चहा पिता त्याचं तोंड बघवत नाही?”

“अगं,” मी म्हणाले. पुढे काही म्हणाले नाही. बाई बॅग उचलून जिना उतरल्या.

त्यानंतर तीन दिवस ताप उतरला. नवं औषध लागू पडतंय म्हणाले. सहा आठवडे ते द्यायचं, मग झडपेचं ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवायचं. हे उठून बसायला लागले. पुढचे दात गेल्यामुळे शब्द निसटायचे, तरी थट्टा सुटत नव्हती. “आता मला गिऱ्हाईक म्हणून घे,” मला म्हणाले. “पण रंग मी निवडणार. तू फार पिवळे देतेस.” मी हसले. लेक हसली. मला वाटलं, सुटलो. वाटलं, बरे झाले की मी स्वतः सगळं सांगीन, लेकीला, मोठ्या डॉक्टरांना. परवाना गेला तर गेला.

चौथ्या दिवशी सकाळी लेक ह्यांना सूप पाजत होती. तिने चमचा पुढे केला आणि ह्यांनी तोंड उघडलं नाही. ती म्हणाली, “बाबा, आ करा.” तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि सूप तिथून गळत होतं. हे माझ्याकडे बघत होते आणि काहीतरी सांगत होते, पण त्यात शब्द नव्हते. झडपेवरच्या पुंजक्याचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. तोवर माझा हात हातात होता. डाव्या. उजव्यात जीव नव्हता.

महिन्याने एका शनिवारी डॉक्टरीणबाई डबे घेऊन आल्या. मला वाटलं नव्हतं येतील. लेक सगळ्या ओळखीत बाईंच्या नावाने बोलली होती, एकदा तर त्यांच्या दवाखान्यात भरलेल्या पेशंटांसमोर बोलून आली होती. बाई नेहमीच्या खुर्चीत बसल्या. ह्यांच्या टेबलावर मी फडकं टाकून ठेवलं होतं.

“पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?” मी विचारलं. चहा ओतायच्या आधीच विचारलं.

“त्या पाच दिवसांनी किती फरक पडला असता, नाही सांगता येत मला. कदाचित वाचले असते. पाच दिवस आधी योग्य औषध मिळालं असतं, उगम बंद झाला असता. कदाचित नसते वाचले.”

“आणि त्या रविवारी? बांधायच्या ऐवजी तुमच्याकडे आलो असतो तर?”

“वहिनी, कशाला विचारता?”

“सांगा.”

“तासाभराचं काम होतं. फार तर दोन दात गेले असते. बाकी साफ करून दिले असते, आणि मग सहा महिन्यांनी यायचं. बस, एवढंच.” त्यांनी कप हातात घेतला आणि प्यायल्या नाहीत.

“लेकीला का नाही सांगितलंत? तुम्हाला नाही नाही ते बोलली ती.”

“तिचे वडील गेले होते,” बाई म्हणाल्या. “आईही मी काढून घेऊ?”

मी पुढे आठ वर्षं काम केलं. हिरडीही माझी आणि दातही माझे. बाई डबे पाठवत राहिल्या, चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर असायचं. पण शनिवारी येणं त्यांनी हळूहळू कमी केलं आणि मी बोलावलं नाही. मी प्लास्टर ओतायची, साचा निघायचा, आणि त्या पांढऱ्या तोंडाखाली टेबल दिसायचं. मला तिथे मान दिसायची, छाती दिसायची, वर खाली होणारी. शेवटी शेवटी मी चिठ्ठीवरचं वय वाचायचं सोडून दिलं.

लेक महिन्यातून एकदा येते. तिच्या मुलांचे दात ती दर सहा महिन्यांनी साफ करून घेते, दूरच्या एका डॉक्टरांकडे, मुद्दाम दूरच्या. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वाटेवर लागला तर ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आणि बाबांबद्दल बोलायची ते मात्र भरभरून. बाबा प्लास्टरच्या तोंडांना कशी नावं ठेवायचे, बाबा कसे हसवायचे. मुलांना सगळं पाठ आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई गेल्या. लेक त्या दिवशी इथेच होती. पेपरात छोटी बातमी होती, तिने वाचून दाखवली.

“गेल्या म्हणे. शेवटपर्यंत दवाखाना चालवत होत्या.” तिने पेपराची घडी केली. “आणखी किती जणांच्या तोंडाकडे न बघता बसल्या असतील कोण जाणे.”

तेव्हा मी सांगितलं. तो रविवार, तार, थर, सगळं. परवान्याचं भय सांगितलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं आणि मी दात नमुन्याचे आहेत म्हणाले, तेही सांगितलं. वीस वर्षं घशात अडकलेलं असं सरळ बाहेर येईल असं वाटलं नव्हतं.

“तू बांधलेस,” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“आणि त्या बाईंना मी इतकी वर्षं...” तिने पेपर उघडला, परत मिटला. “आता कुणाची माफी मागायची?”

ती उठून खिडकीपाशी गेली. मग वळली.

“आणि बाबा? बाबा तर शुद्धीवर होते ना तेव्हा? डॉक्टर समोर बसून विचारतायत. बाबा काहीच बोलले नाहीत?”

मला सगळं आठवतं. कोणत्या आजीने कोणता रंग मागितला होता हेही आठवतं. ‘तसं एक आहे’ म्हणत ह्यांनी उशीवरून वर सरकताना कोपर कसं टेकलं होतं ते आठवतं.

“नाही,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, हळूहळू, जसं काही जुळत गेलं. “म्हणजे त्यांनाच लपवायचं होतं. दुकानाची पाटी.” थोड्या वेळाने म्हणाली, “तू एकटी काय करणार होतीस.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. कितीतरी वर्षांनी फिरवला असेल.

आता ती बाबांच्या गोष्टी सांगत नाही. मुलांनी विचारलं तर ‘हट्टी होते तुमचे आजोबा’ एवढंच म्हणते. पूर्वी राग डॉक्टरीणबाईंवर होता, आता ह्यांच्यावर आहे. दोघंही उत्तर द्यायला नाहीत.

पुढच्या खेपेला सांगेन असं मी दर महिन्याला ठरवते. ती येते, चहा होतो, ती माझ्या गोळ्यांची पाकिटं तपासते, संपलेल्या लिहून घेते. मी तिच्या तोंडाकडे बघत बसते. मग तिची गाडीची वेळ होते.